दाराच्या फटीपाशी

स्टूल दारापाशी ओढून घ्या. लगेच वर चढू नका, आधी त्याच्यावर बसा. ड्रिल मशीन, स्क्रू ड्रायव्हर, दार उघडलं की वाजणाऱ्या सेन्सरची पांढरी डबी, सगळं खाली फरशीवर राहू द्या. हात मोकळे असू द्या.

आपण कुंभारीत आहोत. सोलापूर सोडून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की दहा-बारा किलोमीटरवर. बाहेर ऊन तापलंय. अक्कलकोटच्या स्वामी समर्थांच्या दर्शनाला निघालेली एखादी गाडी हॉर्न देत जाईल. तो आवाज येईल आणि जाईल, त्याच्यामागे जाऊ नका. समोर दार आहे. दिवसातून पंचवीस वेळा आपण त्यातून आत-बाहेर करतो, पण चौकट बसवली त्या दिवसानंतर तिच्याकडे कुणी धड पाहिलेलं नसतं.

त्या दिवशी मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं. जुन्या पद्धतीच्या बांधकामात भिंती उठायच्या आधी चौकट उभी राहते. जोत्यावर नुसती चौकट, आजूबाजूला काहीच नाही. गवंडी ओळंबा धरून एक डोळा मिटतो, घरधनीण चौकटीला हळदकुंकू लावते, आंब्याचा डहाळा बांधते, नारळ फुटतो. आत आणि बाहेर यांत फरक करायला अजून भिंतच नसते, तरी सगळे त्या लाकडातूनच आत जातात, बाजूनं वळसा घालून कुणी जात नाही. तो क्षण आठवत असेल तर आठवा. नसेल आठवत, घर विकत किंवा भाड्यानं घेतलेलं असेल, तर दुसऱ्या कुणीतरी कधीतरी हे केलं होतं एवढं मनात येऊ द्या.

आता नजर वरून खाली आणा. घाई नाही. वर वाळलेलं तोरण, दसऱ्याचं किंवा पाडव्याचं. त्याखाली गणपतीची टाइल. बाजूला पोलिओ डोसवाल्या ताईंनी खडूनं टाकलेली खूण, अजून पुसलेली नाही. छातीच्या उंचीवर जुना कोयंडा काढून नवा बसवला तेव्हाची भोकं, त्यांत भरलेली लांबी, तिच्यावर न जुळलेला रंग. सगळ्यात खाली उंबरा. घर तेलुगू असेल, आणि सोलापूरच्या या बाजूला ते असण्याचा संभव बराच, तर उंबऱ्याला हळद माखलेली असेल आणि तिच्यावर कुंकवाचे ठिपके.

त्या बुजवलेल्या भोकांवर जरा थांबा. घरफोडीची बातमी आपल्या पेपरांत वर्षानुवर्षं एकाच वाक्यानं सुरू होते: बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून अज्ञात चोरट्यांनी. या वाक्यात कुलूप तुटत नाही. ते बिचारं शाबूत, बंदच्या बंद, कोयंड्याला लटकत राहतं आणि कोयंडा स्क्रूसकट चौकटीतून निघून येतो. आपण पैसे कुलपावर घालतो आणि दगा देतात ते अर्ध्या इंचाचे स्क्रू. सेन्सर आज बसवा की उद्या, हे स्क्रू काढून लांब स्क्रू आधी घाला. मनन करायला बसलोय म्हणून एवढं साधं काम विसरू नये.

उठा. दार लावा, कडी लावू नका. तळवा झडपेवर टेकवा, बिजागरीच्या विरुद्ध बाजूला, खांद्याच्या उंचीवर. हलकेच ढकला. दार थोडं मागे-पुढे होतं. बंद दारसुद्धा पूर्ण बंद नसतं. चौकट आणि झडप यांच्यात फट असतेच, पावसाळ्यात लाकूड फुगलं की कमी, उन्हाळ्यात जास्त. नसती तर दार उघडलंच नसतं. या फटीतून येणारी बारीक हवा तळव्याच्या कडेला लागते का पाहा. पाच-सहा श्वास तसेच उभे राहा. आज जे काम करायचं ते या फटीचं आहे, दाराचं नव्हे.

आता डबी उघडा. आत दोन तुकडे निघतील, एक लांबट, एक आखूड. आखूड तुकड्यात फक्त चुंबक. त्याला सेल लागत नाही. लांबट तुकड्यात एक सेल, छोटंसं सर्किट आणि बहुतेक डब्यांत तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढी काचेची नळी. नळीत लोखंड आणि निकेलच्या मिश्रधातूच्या दोन बारीक पट्ट्या असतात. त्यांची टोकं एकमेकांवर येतात, पण भिडत नाहीत. चुंबक जवळ आला की दोन्ही पट्ट्या चुंबकित होऊन चिकटतात, लांब गेला की आपल्या ताठपणानं सुटतात. गंज चढू नये म्हणून नळीत नायट्रोजनसारखा वायू भरून दोन्ही तोंडं काच वितळवून बंद केलेली. टेलिफोन कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी 1936 साली हा रीड स्विच शोधला. चोरीचा विचार तिथं कुणाच्या डोक्यात नसावा.

एक तुकडा डाव्या हातात, एक उजव्या हातात घ्या. दोन्हींवरच्या खुणेच्या रेघा समोरासमोर आणा. हळूहळू जवळ न्या. एका ठिकाणी बारीक दिवा लुकलुकेल. थांबा. लांब न्या. पुन्हा लुकलुकेल. बोटभर अंतर असतं ते, कधी त्याहून कमी. पुन्हा करा. डोळे मिटून करा आणि दिवा आता लागला असेल असं वाटेल तेव्हा उघडा. चार-पाच वेळा केलं की अंतर बोटांना कळू लागतं. या यंत्राला जगातलं एवढंच कळतं: तो दुसरा तुकडा जवळ आहे की नाही. दार, चोर, घर, मालक, यातलं काहीही त्याला ठाऊक नाही.

म्हणून तुकडे कुठं लावायचे ते महत्त्वाचं. चुंबक हलणाऱ्या झडपेवर, सेन्सर न हलणाऱ्या चौकटीवर. बिजागरीच्या बाजूला लावाल तर दार चांगलं हातभर उघडेपर्यंत दोन तुकडे एकमेकांजवळच राहतील आणि सेन्सर स्वस्थ बसेल. एकच दार, एकच हालचाल. बिजागरीपाशी ती जाणवतही नाही आणि कडीच्या बाजूला ती माणूस आत शिरेल एवढी होते. कडीच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, मुलांचा हात पोचणार नाही तिथं जागा धरा. दुपाखी दार असेल तर दोन्ही पाखांचा विचार करा, कारण चोर कुठल्या पाखानं येईल हे आपण ठरवत नाही.

आणि चौकट लोखंडी असेल तर आणखी एक थांबा. कुंभारीतल्या नव्या घरांत पत्र्याच्या दाबीव चौकटी सर्रास दिसतात. लोखंड चुंबकाचा जोर आपल्याकडे ओढून घेतं. मघाशी बोटभर असलेलं अंतर तिथं निम्म्यावर येतं. मग दार बंद असूनही सेन्सर उघडं समजतो आणि रात्री दोन वाजता विनाकारण बोंब मारतो. खाली प्लास्टिकचा किंवा लाकडाचा जाडसा तुकडा घातला की भागतं. खिडकीला ग्रॅनाइटची चौकट असेल तर ही अडचण नाही, पण तिथं ड्रिल मारताना कड उडते, तेव्हा चिकटवलेलंच बरं.

खिडकीचा विषय निघालाच आहे तर तो लवकर संपवू. आपल्याकडच्या खिडकीला गज किंवा ग्रिल असतंच. मे महिन्यात पारा 43-44 वर जातो तेव्हा सोलापुरात खिडकी लावून झोपणारा माणूस शोधावा लागेल. रात्रभर उघडी राहणारी खिडकी सेन्सरच्या लेखी रात्रभर घरफोडीच. काच फोडून हात घातला तर मात्र त्याला पत्ता लागत नाही, कारण झडप जागची हललेलीच नसते. ग्रिलच्या खिडकीला सेन्सर म्हणजे माझ्या मते पैसे जास्त झाल्याचं लक्षण. अपवाद गच्चीच्या दाराचा आणि परसदाराचा. लोक पुढच्या दाराला तीन कड्या लावतात आणि मोरीशेजारचं दार एका खिट्टीवर सोडतात.

परत स्टुलावर बसा. आता कठीण भाग आहे, तो हातानं करायचा नाही.

घरातली सगळी दारं मनात आणा, एकेक करून. पुढचं. मागचं. गच्चीचं. देवघराचं असेल तर तेही. आतल्या खोलीतल्या कपाटाचं. कुठल्या दाराशी मन घट्ट होतं ते बघा. तिथं कुणाचा चेहरा दिसतो? बहुतेकांना अनोळखी चेहरा दिसत नाही. भांडी घासायला येणारी मावशी दिसते, भाडेकरू दिसतो, वाटणीवरून बिनसलेला चुलतभाऊ दिसतो. दिसू द्या. त्या चेहऱ्याला हाकलू नका आणि त्याच्यावर आरोपही ठेवू नका. सेन्सर बसवायची जागा ठरवताना आपण कुणावर संशय धरतो हे पुढ्यात येतं. ते मान्य करून मग जागा ठरवली तर निदान खोटं बोलून ठरवली असं होत नाही.

याला आणखी एक बाजू आहे आणि ती जाहिरातीत येत नाही. आजचा सेन्सर वायफायवरून मोबाइलला जोडलेला असतो. पुण्यात नोकरी करणारा मुलगा कुंभारीतल्या घराला तो बसवून जातो, आईवडील एकटे असतात म्हणून. हेतू चांगला. पण आता त्याच्या फोनवर यादी जमू लागते: दार उघडलं 5:40, बंद 5:41, उघडलं 11:15. वडील भर उन्हात बाहेर का गेले? सव्वाअकराला कोण आलं? संध्याकाळी फोनवर तो सहज विचारतो, “दुपारी कुठं गेला होतात, अण्णा?” अण्णा क्षणभर गप्प होतात. पन्नास वर्षं ज्या दाराचे ते मालक होते त्या दारानं त्यांची चुगली केलेली असते. सून घरात असेल तर ही यादी तिच्या वाट्याला कशी येते, याचा विचार प्रत्येकानं आपापल्या घराकडे बघून करावा. तुम्ही तो मुलगा असाल तर त्या गप्प क्षणापाशी थोडं बसा. तुम्ही अण्णा असाल तरी बसा. बऱ्याच सेन्सरांत रात्री अकरा ते पहाटे पाच एवढ्याच वेळात सेन्सर जागा ठेवता येतो, काहींत बाकी वेळ त्याची नोंदही बंद करता येते. त्या सोयीला दोन मिनिटं लागतात. ती बहुतेक कुणी करत नाही.

तुम्ही असे दारात बसलेले पाहून समोरून कुणी तरी विचारणारच, “काय बसवायलाव ओ?”

“सेन्सर. दार उघडलं की वाजतंय.”

“मग आमी कशाला हाव हितं?”

हे उत्तर हसण्यावारी नेऊ नका, ते कुंभारीचं उत्तर आहे. याच गावाच्या शिवारात कॉम्रेड गोदुताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची सहकारी वसाहत उभी राहिली, 10,000 घरांची. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं चाललेल्या लांबलचक लढ्यातून ती झाली आणि 1 सप्टेंबर 2006 रोजी तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं बायकांच्या हवाली झाली. त्यानंतर रे नगर: यंत्रमाग कामगार, विडी कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे यांच्यासाठी 30,000 घरांचा प्रकल्प. 9 जानेवारी 2019 ला पायाभरणी, 19 जानेवारी 2024 ला पहिली 15,000 घरं तयार होऊन ताब्यात. दोन्हीला पंतप्रधान नरेंद्र मोदी होते. सोलापूरच्या झोपडपट्ट्यांत, भाड्याच्या एका खोलीत पत्र्याचं नाहीतर गोणपाटाचं दार लोटून ज्यांनी जन्म काढला त्यांच्या हातात इथं किल्ली आली. त्या दाराकडे बघताना मला चोराची आठवण उशिरा होते.

आणि त्या दारात विडीवाली बसते. उंबऱ्याला पाठ, मांडीवर सूप, सुपात जर्दा. भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान, पत्र्याच्या मापावर ठेवून कातरीनं कापलेलं. चिमूटभर जर्दा, बोटांची एक गुंडाळी, दोऱ्याचा वेढा, टोक मुडपून बंद. तिचे डोळे सुपात असतात असं तुम्हाला वाटतं. गल्लीतून नवा माणूस गेला तर तो कुठल्या घरापाशी रेंगाळला हे ती संध्याकाळी सांगेल. हजारभर विड्या वळून होईपर्यंत ती तिथंच असते. तिला विचारा, दार कुणी उघडलं ते सांगेल, का उघडलं तेही, आणि विचारलं नाहीत तरी सांगेल. या पहाऱ्याचाही जाच असतोच. नव्या नवरीला विचारा. पण सेन्सरला येणारा माणूस पाहुणा की चोर हे कळत नाही, तिला कळतं.

जुन्या गावगाड्यात हे काम वेसकराचं होतं. रात्री वेस लावायची, आला-गेला ओळखायचा, संशय आला की हाळी द्यायची. ज्यांच्यावर जातीनं हे काम लादलं होतं ते महार स्वतः वेशीच्या बाहेर राहत. जो दार राखतो त्यालाच आत जागा नाही. पूर्वी सगळं कसं सुरक्षित होतं असं म्हणताना हा माणूस आठवायला हवा.

आता कान द्या. सेन्सर गप्प आहे. दार बंद असल्यामुळे गप्प आहे की सेल संपल्यामुळे? बाहेरून दोन्ही शांतता सारख्याच. तारेच्या जुन्या पद्धतीत याला उपाय होता: दार बंद असताना वीज वाहत राहायची, तार कुणी कापली तरी प्रवाह तुटून घंटा वाजायची. स्वस्तातले बिनतारी सेन्सर मात्र दार उघडल्यावरच बोलतात. मेले तर मेल्याचं कळवत नाहीत. चांगले असतात ते ठरावीक वेळानं केंद्राला आपली खुशाली कळवतात. घेताना हा एक प्रश्न दुकानदाराला विचारा. तो चाचरला तर दुसरं दुकान बघा. आणि महिन्यातून एकदा, वीजबिल भराल त्या दिवशी, दार उघडून तो वाजतो का ते तपासा.

दारा-खिडक्यांना विजेची घंटा जोडण्याचं पहिलं गाजलेलं पेटंट 21 जून 1853 चं. ते बॉस्टनजवळच्या सॉमरव्हिलचे ऑगस्टस रसेल पोप यांचं, आणि हे पोप पाद्री होते. त्यांनी एक चलाखी करून ठेवली होती: चोरानं घाबरून दार पुन्हा लावून घेतलं तरी घंटा थांबायची नाही. पुढे एडविन होम्स यांनी त्यांचे हक्क विकत घेतले आणि त्यावर धंदा उभा केला. पाद्रीबुवांनी घंटेला एवढा हट्टीपणा का दिला असेल याचा मी विचार करतो. घंटा ऐकून कुणीतरी यायला वेळ लागतो, हे त्यांना ठाऊक असावं. चर्चची घंटा वाजवणाऱ्याला ते दर रविवारी कळतंच.

आपल्याकडे याच अडचणीवर राज्यातल्या अनेक गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा सुरू झाली, सोलापूर ग्रामीण भागातही. टोल फ्री नंबर फिरवायचा, काय झालं ते बोलायचं; तुमच्याच आवाजातला निरोप गावातल्या नोंद असलेल्या सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी वाजतो. चोर, आग, बिबट्या, हरवलेलं मूल, काहीही असो. यात चुंबक नाही, नळी नाही, पण रात्री अंथरुणातून उठणारी माणसं आहेत. तुमचा नंबर तिथं नोंदलेला आहे का? नसेल तर ते काम सेन्सरच्याही आधीचं. पोलिसांचा 112 आहेच. पण गाडी येईपर्यंतची दहा-वीस मिनिटं गल्लीनंच भरून काढायची असतात.

उभे राहा आता. स्टुलावर चढा. जागा ओल्या फडक्यानं पुसा, मग कोरड्या, मग थोडं स्पिरिट लावून. दिवाळीला मारलेला ऑइल पेंट नीट धरलेला नसेल तर डबल टेप रंगासकट खाली येईल. नखानं खरवडून बघा. दार पश्चिमेला असेल आणि चौकट पत्र्याची असेल तर टेपवर भरवसा नकोच, मे महिन्यात तिला हात लावता येत नाही, टेपचं काय घेऊन बसलात. दोन छोटे स्क्रू मारा. तोरणाच्या खिळ्याला धक्का लावू नका. आधी सेन्सर चौकटीवर, मग दार लावून त्याच्या रेघेसमोर चुंबकाची रेघ. अंतर बोटांना ठाऊक आहे. दाबून धरा. मनात तीस अंक मोजा, भराभर नव्हे.

दार उघडा. वाजलं. लावा. कडी न लावता वाऱ्यानं हलू द्या. नाही वाजलं? छान. दार थोडं थोडं किलकिलं करत जा आणि नेमकं किती फटीला वाजतं ते बघा. हात आत येईल एवढ्या फटीला वाजत नसेल तर चुंबक थोडा सरकवा, पुन्हा तेच करा.

मग स्टूल आत ठेवा, चप्पल घाला आणि समोरच्या दारात जा. सुपावरून वर बघणाऱ्या आक्कांना सांगा की हा आवाज असा असतो, आणि तो रात्री आला तर दिवा लावा, ओरडा, एकट्या बाहेर येऊ नका. त्यांचा नंबर घ्या, तुमचा द्या. एकदा वाजवून दाखवा. फक्त दुपारी दोन-तीनच्या सुमाराला वाजवू नका, रात्रपाळी करून आलेला त्यांचा मुलगा तेव्हा आत झोपलेला असतो.